जुनी बिलोरी काच : पारख, संग्रह आणि व्यापारधर्म

धान्याच्या व्यापारात पारख हेच खरे भांडवल होय. वडोदऱ्याच्या हाथीखान्यात माल उतरला की प्रथम मूठभर दाणे तळहातावर घ्यावयाचे, त्यांचा भार, रंग व ओल पाहावयाची, एखादा दाणा दाताखाली फोडावयाचा आणि मगच भाव बोलावयाचा, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पोत्यावरील छापावर विसंबून कोणी शहाणा व्यापारी सौदा करीत नाही. हीच रीत जुन्या बिलोरी काचेस लावावी, असे आम्हांस या लेखात आमच्या व्यापारी बांधवांपुढे मांडावयाचे आहे. विषय प्रथमदर्शनी आपल्या धंद्याबाहेरचा वाटेल. परंतु तो आपल्या घराबाहेरचा मात्र खचित नाही.

वडोदऱ्यातील जुने वाडे व पोळांतील घरे एकामागून एक उतरविली जात आहेत. त्यांच्या माळ्यांवरून हंड्या, झुंबरांचे लोलक, पैलूदार सुरया व गुलाबदाण्या खाली येतात आणि कित्येकदा भंगाराच्या वजनावर निघून जातात. उलटपक्षी, काल-परवा साच्यातून काढलेली काच 'राजवाड्यातील माल' म्हणून चढ्या भावाने विकली जाते. खऱ्यास मोल नाही व खोट्यास मान आहे, अशी ही उलटी स्थिती आहे, आणि तिचे मूळ अज्ञानात आहे.

ही काच आपल्याकडे कशी आली

इंग्लंडात १६७४ साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट नावाच्या गृहस्थाने नव्या जातीच्या काचेचे पेटंट घेतले. हा गृहस्थ मूळचा कारागीर नव्हे, व्यापारी होता, हे आपण लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुढच्या एकदोन वर्षांतच या काचेच्या मिश्रणात शिशाचा ऑक्साइड मिसळण्याची युक्ती साधली. शिशाने काच जड होते, कापावयास मऊ होते आणि प्रकाशकिरण अधिक वळविते. म्हणूनच तिच्या पैलूंतून सप्तरंग फाकतात. आपण जिला बिलोरी काच म्हणतो ती मुख्यत्वे हीच.

हिच्या आकारावर सरकारी कराने केवढा परिणाम केला, हे व्यापाऱ्यांस विशेष रंजक वाटेल. १७४५ च्या कायद्याने इंग्लंडात काचेवर वजनावर कर बसला. तेव्हा कारखानदारांनी पेले हलके व बारीक केले. आयर्लंडास हा कर नव्हता, परंतु निर्यातीची मनाई होती. १७८० मध्ये ती मनाई उठताच तेथे जाड व खोल पैलूंच्या काचेचे कारखाने उभे राहिले. वॉटरफर्डचा प्रसिद्ध कारखाना १७८३ चा. इंग्लंडातील कर १८४५ साली रद्द झाला आणि त्यानंतर तिकडेही भारदस्त काचेस बहर आला.

नेमका हाच काळ आपल्याकडील संस्थानिकांनी नवे राजवाडे बांधण्याचा होय. बर्मिंगहॅमच्या एफ. अँड सी. ऑस्लर या १८०७ मध्ये स्थापन झालेल्या पेढीने १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात सत्तावीस फूट उंच व चार टन वजनाचे काचेचे कारंजे उभे केले होते. या पेढीचे दुकान कलकत्त्यातही होते. उदयपूरचे महाराणा सज्जनसिंह यांनी १८७७ साली ऑस्लरकडे बिलोरी सामानाची मोठी मागणी नोंदविली. परंतु १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्या पेट्या शतकाहून अधिक काळ बंदच राहिल्या. १९९४ साली ते सामान फतेहप्रकाश महालात लोकांस पाहण्यासाठी मांडण्यात आले. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची असून, ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याचे बळ अजमावले, अशी आख्यायिका आहे.

आपल्या वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव (तिसरे) यांच्या कारकीर्दीत १८९० मध्ये लक्ष्मीविलास राजवाडा पुरा झाला. त्याच्या दरबार दालनातील बेल्जमी रंगीत काचा व व्हेनिसच्या पद्धतीची जडावाची जमीन आजही पाहावयास मिळते. दरबाराचे वळण सरदारांनी उचलले, सरदारांचे सावकारांनी. जैन घरांत व देरासरांत मात्र काचेच्या हंडीस आणखी एक अर्थ होता. उघड्या ज्योतीवर कीटक झेप घेतात. काचेच्या आवरणाने त्या जीवांचे रक्षण होते. कलकत्त्याचे रायबहादूर बद्रीदास यांनी १८६७ साली बांधविलेले मंदिर आणि इंदूरचे सर सेठ हुकुमचंद यांचे काचमंदिर पाहिले म्हणजे आपल्या समाजाने काच केवळ मिरविली नसून धर्मकार्यासही लावली, हे ध्यानात येते.

प्रथम नावे नीट समजून घ्यावी

स्फटिक, बिलोर व काच हे शब्द व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि फसवणुकीचे पहिले दार येथेच उघडते. स्फटिक हे निसर्गनिर्मित खनिज होय. तीर्थंकरांच्या स्फटिकप्रतिमा त्याच्या असतात. बिलोरी काच मानवाने भट्टीत केलेली असते. स्फटिक हातास अधिक वेळ थंड लागतो, साध्या काचेवर ओरखडा काढतो, आणि त्यात काचेसारखे वाटोळे बुडबुडे नसतात. त्याची घनता पाण्याच्या २.६५ पट असते. ज्या प्रतिमेत वाटोळे बुडबुडे दिसतात ती काचेची समजावी, मग विकणारा काहीही म्हणो. अर्थात ओरखड्याची परीक्षा प्रतिमेवर कोणी करू नये. तेथे डोळे व तराजू पुरेत.

तराजूची परीक्षा

वजनाची परीक्षा आपल्यास सर्वांत सोयीची, कारण तराजू आपल्या हातचा आहे. वस्तू प्रथम कोरडी तोलावी. नंतर बारीक दोऱ्याने टांगून, पूर्ण पाण्यात बुडवून तोलावी. पाण्यात जितके वजन घटले, त्याने कोरड्या वजनास भागावे. समजा, पेला ३०० ग्रॅम भरला व पाण्यात २०० ग्रॅम भरला, तर घट १०० आणि भागाकार ३ येतो. ही शिशाची काच. साधा काचेचा ३०० ग्रॅमचा पेला पाण्यात सुमारे १८० भरेल, भागाकार अडीच. युरोपात १९६९ च्या नियमानुसार शिशाच्या बिलोरी काचेत किमान २४ टक्के शिशाचा ऑक्साइड व २.९० घनता लागते. सर्वोच्च प्रतीस ३० टक्के व ३.०० लागते.

परंतु येथे दोन सूचना अवश्य ध्यानात ठेवाव्या. आज केलेली बिलोरी काचही जडच असते. तेव्हा वजनाने जात कळते, वय कळत नाही. दुसरे असे की, बोहेमियाची पुष्कळशी उत्तम जुनी काच शिशाविना, पोटॅशच्या क्षाराने केलेली आहे. ती हलकी म्हणून हिणकस ठरत नाही.

नादाची परीक्षा सर्वांस ठाऊक आहे. उघड्या तोंडाच्या पेल्यावर नखाने हळूच टिचकी मारल्यास शिशाची काच घंटेसारखा लांब नाद देते. मात्र अरुंद गळ्याची सुरई नाद देणार नाही, आणि तडा गेलेला उत्तम पेलाही बदबदेल. म्हणून नाद हा साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजू नये.

वय कसे ओळखावे

वयासाठी चार ठिकाणे पाहावी. पहिले ठिकाण तळ. फुंकून केलेल्या पेल्याच्या तळाशी कारागिराची सळई तोडल्याची खूण राहते. अठराव्या शतकात ती बहुधा खरबरीत असे, पुढे ती घासून गुळगुळीत वाटोळ्या खळीसारखी करू लागले. दुसरे, झीज. शंभर वर्षे फडताळावर सरकलेल्या वस्तूच्या बुडाच्या कडेवर सर्व दिशांनी गेलेले बारीक ओरखडे असतात. एकाच दिशेने ओढलेल्या समांतर रेघा दिसल्या तर तेथे पॉलिश-कागद फिरला आहे असे समजावे.

तिसरे, पैलूंची धार. चाकावर कापलेल्या पैलूंच्या कडा बोटास तीक्ष्ण लागतात व दोन पैलू अगदी एकसारखे नसतात. अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात काच साच्यात दाबून काढण्याची यंत्रे निघाली. त्या काचेच्या कडा बोथट असून साच्याच्या सांध्याची रेघ बहुधा सापडते. जुने पैलू लाकडी चाकावर घासून चकचकीत करीत. पुढे आम्लात बुडवून चकाकी आणू लागले, त्यामुळे पृष्ठ जणू मेण लावल्यासारखे निसरडे दिसते. चौथे, रंग. पांढऱ्या कागदावर ठेविली असता जुनी शिशाची काच किंचित करडी झाक दाखविते. अतिशय लख्ख, पाण्यासारखी वस्तू दिसल्यास अधिक चौकशी करावी. सुरई असल्यास बुचाचा व गळ्याचा आकडा जुळतो का, हेही पाहावे. पुष्कळ कारागीर दोहोंवर एकच आकडा कोरीत.

छाप पाहावयाचा तो सर्वांत शेवटी. फ्रान्समधील बाकरा कारखाना १७६४ चा. परंतु त्याच्या प्रत्येक वस्तूवर छाप कोरण्याची प्रथा १९३६ पासूनची आहे. म्हणजे छाप नाही म्हणून जुनी बाकरा खोटी ठरत नाही. उलट, कोरलेला छाप दाखवून वस्तू शंभराहून अधिक वर्षांची म्हणणारा स्वतःच्याच तोंडाने खोटा पडतो. वॉटरफर्डचा जुना कारखाना १८५१ मध्ये बंद पडला व १९४७ मध्ये त्या नावाने नवा उद्योग उभा राहिला. या दोन काळांची सरमिसळ अज्ञानाने किंवा हेतुपुरस्सर पुष्कळ होते.

स्वदेशी काचेचा मान

विलायती नावाच्या मोहाने आपली काच तुच्छ लेखू नये. लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काच कारखाना निघाला. कराडजवळ ओगलेवाडीस १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत तेवत असे. आपल्या वडोदऱ्यातच अलेम्बिकच्या उद्योगातून 'येरा' नावाचे काचसामान निघाले आणि गुजरातेत कपडवंजची काचेची कारागिरी त्याहून कितीतरी जुनी. या वस्तू बिलोरी नव्हेत, आणि त्यांस बिलोरी म्हणूही नये. परंतु ओगल्यांचा अखंड कंदील ओगल्यांचा म्हणूनच जपावा. खऱ्या नावाने ठेविलेली साधी वस्तू संग्रहास शोभते. खोट्या नावाची उंची वस्तू शोभत नाही.

जतन

काच धुण्यास कोमट पाणी व मऊ कापड पुरे. गरम-थंडाचा एकाएकी फेर तिला सोसत नाही, आणि भांडी धुण्याच्या यंत्रात ती कदापि घालू नये. सुरई ओली असता बूच लावून ठेवू नये. पेल्यात पेला रचू नये. झुंबर उतरविण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व प्रत्येक लोलकास आकड्याची चिठ्ठी बांधावी; हे न केल्यामुळे कित्येक उत्तम झुंबरे पुन्हा जुळली नाहीत. आणखी एक सूचना गृहिणींसाठी. १९९१ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की, शिशाच्या सुरईत दीर्घकाळ ठेविलेल्या मद्यात शिसे उतरते. मद्याशी आपला संबंध नाही. परंतु लिंबाचे सरबत व लोणचेही आंबटच असते. तेव्हा या पात्रांत आंबट पदार्थ साठवू नयेत, आणि मुलांचे दूध-पाणीही त्यांत ठेवू नये.

अचौर्यव्रत आणि संग्राहक

संग्रहाची चर्चा श्रावकाने करावी आणि परिग्रहपरिमाणाचे नाव घेऊ नये, हे उचित नव्हे. म्हणून आमचे मत असे की, संख्येची मर्यादा आधी ठरवावी व मग खरेदीस निघावे. बारा वस्तू, प्रत्येकीचा इतिहास लिहिलेला, हा संग्रह होय. अनोळखी दोनशे वस्तू म्हणजे केवळ साठा.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते जणू या व्यापारासाठीच सांगितले असावेत, इतके येथे लागू पडतात. स्तेनप्रयोग, म्हणजे चोरीस उत्तेजन. देवळातील वा वाड्यातील अमुक हंडी आणून दे, असे दलालास सुचविणे ते हेच. तदाहृतादान, म्हणजे चोरीचा माल घेणे. मुंबईचा चोरबाजार असो की अहमदाबादची रविवारची गुजरी, माल कोठून आला हे विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा कायदा मोडणे. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७६ पासून अमलात असून, शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू खाजगी माणसास परदेशी पाठविता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो. हीनाधिकमानोन्मान, म्हणजे खोटी मापे. विधवेच्या घरचे झुंबर भंगाराच्या भावाने तोलून घेणे हे माप खरे असूनही खोटेच होय. आणि प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे असलीच्या नावाने नकलेचा व्यवहार. त्याविषयी वर पुष्कळ लिहिले आहे.

यांपैकी चौथा अतिचार आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात कायदा आपणांस अडवीत नाही. विकणाऱ्यास ठाऊक नाही व घेणाऱ्यास ठाऊक आहे, अशा प्रसंगी मौन पाळून सौदा साधणे याला बाजार चातुर्य म्हणतो. परंतु शेतकऱ्यास आपल्या गव्हाची प्रत कळत नाही म्हणून त्यास हलक्या प्रतीचा भाव देणाऱ्या आडत्यास आपण काय म्हणतो? तोच न्याय येथे लावावा. पारख ही दुसऱ्यास लुबाडण्याचे हत्यार नसून, त्याच्या वस्तूचे खरे नाव त्यास सांगण्याचे साधन आहे.

तरी सभासद बंधूंस आमची विनंती अशी आहे की, आपापल्या घरातील काचेची एक वही करावी. वस्तूचे वर्णन, कोरडे वजन, पाण्यातील वजन, ती कोणी व केव्हा आणली हे वडील माणसांस विचारून तीत लिहावे, आणि खात्री नसेल तेथे जागा कोरी ठेवावी. घर उतरविण्याची वेळ आल्यास भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी ती वही उघडावी. जे घरात ठेवणे शक्य नाही ते देरासरास अथवा आपल्या सयाजीबागेतील संग्रहालयास विचारून पाहावे. रोजमेळ व खातेवही बिनचूक ठेवणाऱ्या आपल्या समाजास एवढी एक वही जड जाऊ नये.