हिरड्यांच्या सुजेमागची प्रथिने : एक मागोवा

१९६५ साली हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले. १० ते २१ दिवसांत साऱ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच सूज उतरली. दातांवरचा जिवाणूंचा थर हेच सुजेचे कारण, हे त्यातून ठरले. जिवाणू पेशींशी नेमके काय करतात, हे मात्र फार उशिरा उलगडले.

१९९८ मध्ये सिगमंड सॉक्रन्स्की यांच्या गटाने हिरड्यांच्या गंभीर आजाराशी निगडित तीन जिवाणूंना ‘रेड कॉम्प्लेक्स’ म्हटले. त्यांतला एक पोर्फिरोमोनास जिन्जिव्हालिस. हा जिवाणू जिन्जिपेन नावाची, प्रथिने तोडणारी विकरे बाहेर सोडतो. त्यांची खरी करामत याच सुमारास दिसू लागली.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर पार-२ नावाचा ग्राहक (रिसेप्टर) असतो. त्याला चालू करणारा तुकडा त्याच्याच अंगात दडलेला असतो. जिन्जिपेन त्याचे टोक नेमक्या जागी कापते. उघडा पडलेला नवा शेंडा वळून त्याच ग्राहकाला चिकटतो. मग पेशीत कॅल्शियम वाढते आणि इंटरल्युकिन-६ हा दाहाचा निरोप बाहेर पडतो. २००१ मध्ये तोंडाच्या अस्तराच्या पेशींवर हे सिद्ध झाले. धोक्याची घंटा आपलीच, वाजवणारा हात मात्र जिवाणूचा!

पुढे हा शोध तोंडाबाहेर गेला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम हा तोंडातला जिवाणू आढळल्याचे दोन गटांनी २०१२ मध्ये मांडले. त्याचे फॅडए हे प्रथिन पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून वाढीचे संदेश चेतवते, हे पुढच्याच वर्षी यिपिंग हान यांच्या गटाने दाखवले.

२०१९ मध्ये अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत जिन्जिपेन आढळल्याचा अहवाल आला आणि मोठी आशा निर्माण झाली. पण हे विकर रोखणाऱ्या औषधाची चाचणी २०२१ मध्ये मुख्य उद्दिष्टे गाठू शकली नाही. एखादे प्रथिन आजाराच्या जागी सापडणे आणि त्यानेच आजार होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या साऱ्या काळाचा मोठा धडा.

म्हणून हिरड्यांवरच्या उपचाराने अल्झायमर किंवा कर्करोग टळेल, असा दावा कोणी केला तर विश्वास ठेवू नका. पण हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल, तर दात दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवा.