वायर तुटली, जॉयस्टिक नाही!

तुमच्या टेबलाचा सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून बघा. बंद पडलेला माउस, एकाच कानात वाजणारा हेडफोन, वाकवून धरल्याशिवाय चार्ज न करणारी केबल... सापडलं ना सगळं? आता खरं सांगा, यातलं नेमकं काय बिघडलंय? बहुतेक वेळा वस्तू ठणठणीत असते, मेलेली असते ती फक्त वायर. पण आपण काय करतो? लंच ब्रेकमध्ये नवीन ऑर्डर करून मोकळे!

माझ्या मावसभावाला हा फंडा चालण्यासारखा नव्हता. त्याची जॉयस्टिक यूएसबीवाली साइडवाइंडर. मायक्रोसॉफ्टनं या जॉयस्टिक बनवणं २००३ मध्ये गुंडाळलं, म्हणजे आता मिळालीच तर सेकंडहँड. शिवाय ती काकांनी आणलेली, घरातल्या पहिल्या कॉम्प्युटरबरोबर. तेव्हा हा पहिलीत होता. काकांच्या मांडीवर बसून दोघं फ्लाइट सिम्युलेटरवर विमानं उडवायचे (आणि आपटायचे!). काका आता नाहीत. आणि गेल्या दिवाळीत उंदरानं तिची वायर कुरतडली. घराच्या मागेच कांद्याची चाळ, उंदरांना काय तोटा?

हे घर नामपूरला. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं बाजारपेठेचं गाव. लिलावाच्या दिवशी कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढताना नाकी नऊ येतात. ज्या जिल्ह्यात ओझरला एचएएलनं मिग आणि सुखोई बांधली, तिथे एका जॉयस्टिकची वायर बदलायला माणूस मिळू नये? शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरनं तर फोनवरच निकाल लावला होता, ‘मॅडम, याचं काही होत नाही, नवीन घ्या.’

माणूस मिळाला तो मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात. इथे पंपाची मोटर जळली की कुणी नवीन ऑर्डर करत नाही, रिवाइंड करून आणतात. ‘काय जयं ताई?’ म्हणत दुकानातल्या भाऊंनी जॉयस्टिक उलटी केली, खालचे रबरी पाय नखानं उचकटले आणि त्याखाली लपलेले स्क्रू काढले. जॉयस्टिक त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. त्यानं त्यांचं काहीच अडलं नाही.

आत बघितलं तर सगळा मामला ४ वायरींचा! लाल म्हणजे ५ व्होल्टचा करंट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटाची. त्यांच्याभोवती उघड्या तारांची जाळी असते ती शील्ड. पांढरी-हिरवी उलटी जोडली गेली तर कॉम्प्युटर जॉयस्टिक ओळखत नाही, एवढंच. लाल-काळी उलटी गेली तर मात्र आतलं सर्किट जळू शकतं. आणि बॉस, रंगांवर आंधळा विश्वास नको. स्वस्तातल्या केबलमध्ये रंग कसेही असतात. भाऊंनी मल्टिमीटरची एक पिन प्लगला आणि दुसरी वायरीला लावून बीप ऐकल्याशिवाय एकही जोड दिला नाही.

नवी केबल कुठून आणायची? ड्रॉवरमधल्या त्या मेलेल्या माउसची! जॉयस्टिक आणि माउस दोघांनाही डेटाचा वेग फारसा लागत नाही, त्यामुळे ती सहसा चालून जाते. मोबाइल चार्जरची केबल घेणार असाल तर जपून. बऱ्याच स्वस्त केबलमध्ये फक्त करंटच्या दोनच वायरी असतात, डेटाच्या नसतातच.

बाकी कृती सोपी, पण क्रम महत्त्वाचा. कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोर्डाजवळचा छोटा पांढरा कनेक्टर शाबूत असेल तर त्याला बोटभर जुनी वायर ठेवूनच कापा, म्हणजे बोर्डावर सोल्डर करायची वेळच येत नाही. उष्णतेनं आकसणारी स्लीव्ह सोल्डर करण्याआधी वायरीत ओवा, कारण सोल्डर झाल्यावर ती जातच नाही. चारही जोड एकाच रेषेत नकोत, थोडे पुढे-मागे असले की एकमेकांना चिकटत नाहीत. आणि बेसच्या आत केबलला एक टाय घट्ट बांधा. बाहेरून हिसका बसला तर तो टायवर जायला हवा, सोल्डरवर नाही. उंदीर नसलेल्या घरातही वायर तुटते ती बहुधा याच मानेपाशी, रोज वाकून वाकून.

झाकण लावण्याआधी लाल-काळीत शॉर्ट नाही ना, तेवढं मल्टिमीटरवर बघून घ्या. मग विंडोजच्या ‘रन’मध्ये ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप केलं की टेस्टची खिडकी उघडते. स्टिक हलवल्यावर तिथलं फुलीचं चिन्ह हललं की समजा, जमलं!

एक मात्र आहे. तुमची जॉयस्टिक १५ पिनांच्या जुन्या गेमपोर्टची असेल (आयबीएमनं १९८१ मध्ये आणलेला तोच) तर नुसती यूएसबी केबल जोडून भागणार नाही. यूएसबीशी बोलायला लागणारी चिप बहुतेक जुन्या स्टिकमध्ये नसतेच, वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग ग्राहकाला मिळावेत, हा त्यामागचा विचार. त्यात मोबाइल आणि गाड्यांच्या जोडीला शेतीची यंत्रंही आहेत. भाऊंना याची खबर नव्हती. त्यांनी मजुरी सांगितली ८० रुपये आणि उरलेला माउस भंगारात टाकू नका, त्याची बटणं कामाला येतील, असं म्हणून स्वतःकडे ठेवून घेतला.

माउसची केबल मूळ केबलपेक्षा फूटभर आखूड भरली. म्हणून मावसभावानं सीपीयू उचलून थेट टेबलावर ठेवलाय. उंदरांनाही तिथवर चढायला जरा कष्टच पडतील.