कमरेवरचा पंखा आणि त्याची निगा

पीएपीआर हे विजेवर चालणारे हवाशोधक श्वसनयंत्र आहे. कमरेच्या पट्ट्याला लावलेली पंख्याची डबी बाहेरची हवा ओढते, हेपा फिल्टरमधून गाळते आणि पाठीवरून वर गेलेल्या लवचिक नळीने डोक्यावरच्या टोपात सोडते. टोपाला समोर पारदर्शक प्लॅस्टिकची काच असते, आणि पंख्याला चालवणारी बॅटरी डबीला जोडलेली असते. एन-९५ मास्क घातलेला माणूस फुप्फुसांच्या जोरावर मास्कच्या थरांतून हवा खेचतो. इथे ते कष्ट मोटर करते. म्हणूनच या यंत्राचे संरक्षण मोटर, बॅटरी आणि फिल्टर यांच्या तब्येतीवर अवलंबून राहते. मास्क खराब झाला तर फेकून दुसरा घेता येतो. पीएपीआर मात्र रोज कोणीतरी तपासावे, पुसावे, वाळवावे आणि चार्ज करावे लागते.

सैल टोप संरक्षण कसे देतो, याचे उत्तर हवेच्या प्रमाणात आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा घेतो. अमेरिकेच्या नियॉश या संस्थेच्या निकषानुसार सैल टोपाच्या पीएपीआरने मिनिटाला किमान १७० लिटर आणि चेहऱ्याला घट्ट बसणाऱ्या मुखवट्याच्या प्रकाराने किमान ११५ लिटर हवा पुरवली पाहिजे. गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत येत राहते आणि हनुवटीखालून, कानामागून बाहेर पडते. काठोकाठ भरून सतत ओसंडणाऱ्या घागरीत बाहेरचे पाणी शिरत नाही, तसेच हे. फटी असतात, पण त्यांतून हवा बाहेर जाते. त्यामुळे सैल टोपाला एन-९५ साठी लागणारी फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का याची चाचणी, लागत नाही आणि दाढी राखणाऱ्या डॉक्टरला किंवा परिचारकाला ती काढावी लागत नाही. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत एन-९५ चा संरक्षण गुणांक १० धरला आहे, म्हणजे बाहेरच्या कणांपैकी फार तर दहावा हिस्सा आत पोहोचेल अशी अपेक्षा. सैल चेहरापट्टीच्या पीएपीआरचा गुणांक २५ आहे, आणि पूर्ण टोपाचा, उत्पादकाने चाचणीचा पुरावा दिल्यास, १००० पर्यंत.

हे सगळे पंखा पुरेसा फिरत असेपर्यंत. तो मंदावला की सैल टोपाच्या त्याच फटी उलट्या दिशेने काम करू लागतात, आणि बंद पडला तर संरक्षण जवळजवळ शून्यावर येते. शिवाय उच्छ्वासाचा कार्बन डायऑक्साइड टोपात साठतो.

महाराष्ट्रात हवेतून पसरणाऱ्या संसर्गाशी रुग्णालयांची गाठ जुनी आहे. मुंबईच्या शिवडीचे क्षयरोग रुग्णालय औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण वर्षानुवर्षे सांभाळते. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनी जवळपास सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा जगाचे लक्ष मुंबईकडे वळले. पुढे ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोविड रुग्ण पुण्यात आढळले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. क्षयाच्या वॉर्डात ब्रॉन्कोस्कोपी करणारा डॉक्टर आणि कोविड रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकणारा भूलतज्ज्ञ यांच्यापुढचा धोका एकाच जातीचा: रुग्णाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर उडणारे सूक्ष्म तुषार. पीएपीआरची खरी जागा ही. वॉर्डात फेरी मारण्यासाठी ते वापरणे म्हणजे महागडे यंत्र विनाकारण झिजवणे.

ठाणे जिल्ह्यात कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर कोन हे गाव लागते. महासाथीत हा सारा पट्टा रुग्णसेवेत ओढला गेला. रांजनोलीजवळच्या टाटा आमंत्रा संकुलात कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०२० मध्ये कोविड काळजी केंद्र चालवले, भिवंडीचे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय कोविडसाठी राखले गेले, आणि तालुक्यातल्या सवाद येथे ठाणे जिल्हा परिषदेने चक्क एका गोदामात रुग्णालय उभे केले. अशा ठिकाणी कर्मचाऱ्यांची मदार एन-९५ आणि पांढऱ्या कव्हरऑलवर असे. माल ठेवण्यासाठी बांधलेल्या किंवा राहण्यासाठी बांधलेल्या इमारतीत हवा बदलण्याची रुग्णालयासारखी सोय नसते, तेव्हा अंगावरच्या साधनावरचा भार वाढतो. आयात केलेला पीएपीआर संच लाखाच्या आसपास जातो, म्हणून तो मोठ्या रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांपलीकडे फारसा पोहोचला नाही. पण किंमत हा अर्धाच अडसर. संच विकत घेता येतो. त्यामागे रोज राबणारा माणूस मंजूर पदांच्या यादीत नसतो.

या माणसाचे काम पाळी सुरू होण्याआधी सुरू होते. प्रथम डोळ्यांनी पाहणी. नळीला ताण देऊन वळ्यांमध्ये चीर आहे का ते बघायचे, कारण चीर वळीच्या आत लपते आणि नळी सैल असताना दिसत नाही. टोपाच्या शिवणी, काचेवरचे ओरखडे, पट्ट्याचे बक्कल, नळीच्या दोन्ही टोकांची रबरी रिंग. मग फिल्टर: तो डबीत बसताना त्याच्या कडेची रबरी पट्टी, म्हणजे गास्केट, सगळीकडून सारखी दाबली गेली पाहिजे. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो; गास्केटखाली एखादा धागा अडकला की न गाळलेली हवा त्या बाजूने सरळ आत जाते, आणि बाहेरून सगळे ठीक दिसते.

त्यानंतर हवेचा वेग. बहुतेक संचांसोबत एक साधे मापक येते: उभी नळी आणि तिच्यात वर-खाली होणारा गोळा किंवा तरंगी. ते पंख्याच्या तोंडाशी किंवा नळीच्या टोकाशी लावायचे, मोटर सुरू करून मिनिटभर थांबायचे आणि गोळा खुणेच्या वर तरंगतो का ते पाहायचे. मापक सरळ उभे धरले नाही तर आकडा खोटा येतो. काही संचांत समुद्रसपाटीपासूनच्या उंचीप्रमाणे वेगळी खूण असते. कोन खाडीकाठी असल्याने इथे खालची पट्टी चालते, महाबळेश्वरला चालणार नाही. शेवटी नळीचे तोंड तळहाताने दाबायचे: काही क्षणांत कमी हवेचा गजर वाजला पाहिजे. ही चाचणी अनेक ठिकाणी गाळली जाते, कारण गजराच्या आवाजाने शेजारचे लोक वैतागतात. पण गजर मुका असेल तर रुग्णाजवळ उभ्या असलेल्या माणसाला हवा कमी झाल्याचे श्वास जड होईपर्यंत कळत नाही.

बॅटरीचा विषय याहून कटकटीचा आहे. नवी लिथियम-आयन बॅटरी संचाच्या प्रकारानुसार चार ते बारा तास चालते, जुनी किती चालेल हे तिच्या वयावर. म्हणून प्रत्येक बॅटरीवर क्रमांक, वापरायला काढल्याची तारीख आणि वहीत तिची प्रत्यक्ष चाललेली वेळ. नोंद नसली की सगळ्या बॅटऱ्या सारख्या दिसतात, आणि थकलेली बॅटरी नेमकी लांब शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणाच्या तरी कमरेला जाते. लिथियमला उष्णतेचे वावडे आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा खिडकीत चार्जर ठेवला तर बॅटरी लवकर म्हातारी होते. चार्जरचे बोर्ड रुग्णालयाच्या जनरेटरवर चालणाऱ्या तारेवर हवे. भिवंडीत वीजवितरण २००७ पासून टोरंट पॉवरकडे आहे. वीज कोणीही पुरवो, रात्री पुरवठा खंडित होऊन पहाटे सगळ्या बॅटऱ्या अर्ध्याच भरलेल्या मिळणे, हे संकट साध्या बोर्डावर कधीही येऊ शकते.

भिवंडीच्या हवेचा एक खास मुद्दा आहे. यंत्रमागांच्या शहरात सुताची तूस हवेत असते, आणि कल्याण-भिवंडी रस्त्यावर अवजड वाहनांची धूळ. फिल्टर विषाणू आणि तूस यांत भेद करत नाही. तो भरतो तो मुख्यतः धुळीने. म्हणून फिल्टरपुढे स्वस्त पूर्वगाळणी लावायची आणि ती वारंवार बदलायची. तपासणीची खोली रस्त्याच्या बाजूला नको. भरलेला फिल्टर झटकणे, धुणे किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणे या तिन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. काचतंतूंचे ते नाजूक जाळे फाटते, आणि फाटलेल्या फिल्टरमधून हवा उलट छान येते. वेगाच्या चाचणीत तो पहिल्या नंबराने पास होतो! नव्या फिल्टरची वेष्टनाबाहेर काढण्याची तारीख लिहून ठेवायची. भिजला, आपटला किंवा गास्केट सुटली तर चाचणीची वाट न पाहता तो बाद.

वापरताना दोन अडचणी हमखास येतात. टोपात हवेचा आवाज सतत घुमतो. नियॉशची मर्यादा ८० डेसिबलची आहे, आणि तेवढ्या आवाजात शेजारच्याचे बोलणे नीट ऐकू येत नाही, तर पूर्ण टोपाखाली कानाला स्टेथोस्कोप लावता येत नाही. म्हणून पथके हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात. दुसरी अडचण रुग्णाच्या बाजूची: टोपातून बाहेर पडणारा उच्छ्वास गाळलेला नसतो, त्यामुळे उघड्या जखमेवर ओणवून काम करणाऱ्या सर्जनने सैल टोप वापरावा का, यावर मतभेद आहेत. काही रुग्णालये टोपाखाली साधा सर्जिकल मास्क घालायला सांगतात.

सगळ्यात धोक्याचा टप्पा पोशाख उतरवण्याचा. २०१४ मध्ये अमेरिकेत डॅलसच्या रुग्णालयात इबोलाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने नवे नियम काढले: पीएपीआर किंवा एन-९५, अंगाचा कुठलाच भाग उघडा नको, आणि घालताना-उतरवताना एक प्रशिक्षित निरीक्षक समोर उभा. उतरवताना पंखा चालू ठेवून आधी बाहेरचा भाग पुसतात, टोप डोक्यावरून पुढे व खाली काढतात, बाहेरची बाजू आत गुंडाळत, मग पट्टा. निरीक्षक एकेक पायरी मोठ्याने सांगतो, कारण थकलेल्या माणसाला नेहमीचा क्रमही आठवत नाही.

इथून यंत्र तयारी करणाऱ्याच्या हाती येते. टेबलाची एक बाजू मळकी, दुसरी स्वच्छ, आणि वस्तू एकाच दिशेने सरकते. जंतुनाशक कोणते, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहायचे. सगळ्याला हायपो लावण्याची रुग्णालयातली सवय इथे महाग पडते: सोडियम हायपोक्लोराइट धातूचे संपर्क गंजवते, म्हणून नेमून दिलेला वेळ ओले ठेवल्यावर ते साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून काढावे लागते. स्पिरिटने काचेला बारीक तडे जाऊ शकतात. फवारा कधीच मारायचा नाही, तो पंख्याच्या तोंडातून मोटरपर्यंत जातो. ऑटोक्लेव्हमध्ये तर यापैकी काहीच घालायचे नाही. नळी सुटी करून कोमट साबणपाण्यात धुता येते, पण खरी मेहनत ती वाळवण्यात आहे. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीच्या दमट हवेत टांगून ठेवलेली नळी आतून दिवसभर ओली राहते आणि वळ्यांत बुरशी धरते. उपाय असा की स्वच्छ फिल्टर लावलेल्या पंख्याला नळी जोडून आतला शेवटचा थेंब वाळेपर्यंत मोटर चालू ठेवायची. वाळलेला टोप घडी न घालता खुंटीला टांगतात. घडीमुळे काच वाकते आणि वापरणाऱ्याला समोरचे दुहेरी दिसू लागते.

हे काम नेमके कोणाचे? काही रुग्णालयांत निर्जंतुकीकरण विभागाचे, काही ठिकाणी बायोमेडिकल इंजिनिअरचे, आणि बऱ्याच ठिकाणी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरच्या माथी. साफसफाई आणि तपासणी एकाच विभागाकडे असलेली बरी. वाटून दिली की नळी कोणी वाळवली याचा पत्ता लागत नाही. सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांच्या देखभालीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये बायोमेडिकल उपकरण देखभाल कार्यक्रम सुरू केला. मोटर, सर्किट आणि चार्जर यांची दुरुस्ती अशा यंत्रणेकडे जाऊ शकते, पण रोजचे पुसणे आणि वेगाची चाचणी कुठलाही कंत्राटदार बाहेरून येऊन करू शकत नाही.

बाद झालेल्या भागांची वाटही ठरलेली आहे. संसर्गजन्य रुग्णाजवळ वापरलेला फिल्टर मास्कप्रमाणेच पिवळ्या पिशवीत जातो, प्लॅस्टिकचा निकामी टोप लाल पिशवीत. बॅटरी मात्र यांपैकी कशातही टाकायची नाही, कारण भट्टीत लिथियम स्फोटक ठरते. ती २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार परत घेणाऱ्या यंत्रणेकडे द्यायची.

साथ ओसरल्यावर कपाटात गेलेल्या संचांची तपासणी सर्वाधिक विसरली जाते. ओशाचा नियम आणीबाणीसाठी राखलेल्या श्वसनयंत्रांची महिन्यातून किमान एकदा पाहणी करायला सांगतो. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता साधारण अर्धी भरून आणि डबीतून काढून ठेवतात. दर महिन्याला मोटर थोडा वेळ फिरवतात, रबरी रिंगा कडक झाल्या का ते बोटाने दाबून पाहतात, फिल्टरच्या वेष्टनावरची मुदत वाचतात आणि संचाला टांगलेल्या कार्डावर तारीख घालून सही करतात.