गाडा नेमका कुठून सुरू होतो?

आंबेगाव तालुक्यात थापलिंगच्या खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा बैलगाडा शर्यतीच्या घाटातली, म्हणजे धावपट्टीवरची, एक बारी संपायला पंधरा सेकंदही लागत नाहीत. सगळ्यांत पुढे घोडी. तिच्यामागे बैलांच्या दोन जोड्या, आणि शेवटी दोन चाकांवरचा तो गाडा, म्हणायला गाडा, बाकी जेमतेम सांगाडा. निवेदकानं गाडामालकाचं नाव पुरतं उच्चारायच्या आत सगळं लटांबर निशाणापार गेलेलं असतं आणि मागे नुसता धुरळा उरतो.

आता एक साधा प्रश्न विचारू. रेषा ओलांडली म्हणजे कुणी ओलांडली? घोडीनं? पुढच्या बैलाच्या नाकानं? जुवानं? की चाकानं?

प्रश्न चावट वाटेल, पण हिशेब करून बघा. गाडा ताशी ३६ किलोमीटर वेगानं धावत असेल तर तो एका सेकंदात १० मीटर जातो. पुढच्या बैलाचं नाक आणि गाड्याचं चाक यांच्यात पाच मीटर अंतर धरलं तर घड्याळात सरळ अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो. जुन्नर-आंबेगावकडच्या घाटात गाडे एकेक करून सुटतात, गाठ पडते ती घड्याळाशी. ठरलेल्या वेळेच्या आत आलेले सगळे गाडे एकाच क्रमांकात बसतात आणि सर्वांत कमी वेळ घेणारा घाटाचा राजा ठरतो. अशा ठिकाणी अर्धा सेकंद म्हणजे चेष्टा नाही. त्यामुळे काय मोजायचं ते पहिली बारी सुटण्याआधी ठरलेलं बरं, नंतर ठरवायला गेलं की भांडण ठरलेलंच.

हा घोळ एकट्या घाटाचा नाही. घोड्यांच्या शर्यतीत नाक मोजतात. माणसांच्या शर्यतीत धड मोजतात. डोकं किंवा हात आधी पोचला तरी उपयोग नाही. सायकलच्या शर्यतीत पुढच्या चाकाची कड धरतात. प्रत्येक खेळानं धावणाऱ्या देहातला एक तुकडा निवडला आणि ‘हाच तू’ असं त्याला सांगून टाकलं. का, तर निवडल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही, म्हणून.

याच प्रश्नाची गंमत सर्वांत जास्त चघळली ती टेबलावर लुटुपुटूची लढाई खेळणाऱ्यांनी. बोटभर उंचीचे सैनिक, वीतभर रणगाडे, मोजपट्टी आणि फासे. १९८७ साली इंग्लंडमध्ये निघालेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला खेळ. रणगाड्याची तोफ भिंतीआडून जराशी बाहेर डोकावते आहे. मग शत्रूला ‘रणगाडा दिसला’ असं म्हणायचं का? जुन्या नियमांनी निवाडा दिला तो असा: मोजायचं ते धड, तोफेची नळी, झेंडे आणि शोभेच्या वस्तू धरायच्या नाहीत. म्हणजे जो अवयव गोळा फेकतो, नेमका तोच गाडीचा भाग नाही! तरीही वाद मिटला नाही. गोळा समोरून लागला, बाजूनं की मागून, यावर चिलखताची जाडी ठरायची, आणि बाजू ठरवायला गाडीच्या कोपऱ्यांवरून रेषा ओढायच्या. चौकोनी रणगाड्याला हे ठीक. पण ज्या गाडीला धड कोपराच नाही, तिचं काय करायचं? अखेर २०१७ च्या आठव्या आवृत्तीत खेळ बनवणाऱ्यांनी पुढची-मागची बाजू हा प्रकारच काढून टाकला. मला विचाराल तर ती हार होती, पण शहाणी हार. शिवाय कुठल्याच नियमात न बसणाऱ्या तंट्यासाठी पुस्तकात एक सोय होतीच: दोघांनी फासा टाकावा, पडेल ते मान्य करावं आणि खेळ पुढे न्यावा.

या खेळांचे पूर्वज प्रशियाच्या सैन्यात होते. १८२४ साली लेफ्टनंट राइसवित्झ यानं नकाशावर ठोकळे मांडून खेळायचा युद्धखेळ सादर केला. नियम, कोष्टकं, फासे आणि मधे पंच. पुढे कोष्टकांचा इतका जाच झाला की १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्यानं सुचवलं, कोष्टकं राहू द्या बाजूला, अनुभवी पंच सांगेल ते खरं. आपल्या घाटातल्या पंचाला हे सांगायला प्रशियातून कुणी यायला नको.

कायद्याच्या पंडितांनाही गाडीनंच छळलं. १९५८ साली एच. एल. ए. हार्ट यांनी उदाहरण घेतलं: ‘उद्यानात वाहनांना बंदी.’ मोटार बंद, हे उघड. पण सायकल? चाकांचे बूट? पोराची खेळण्यातली मोटार? लॉन फुलर यांनी उलट विचारलं: दुसऱ्या महायुद्धातला ट्रक, चालू स्थितीतला, स्मारक म्हणून चौथऱ्यावर बसवला तर तो वाहन की नाही? त्या एका ओळीवर कायद्याचे विद्यार्थी अजून वाद घालतात.

आणि आता परत घाटात येऊ, कारण बैलगाड्याची बारी कोर्टात याच वाटेनं चढली. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेत, ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवायचं नाही किंवा त्यांचं प्रदर्शन करायचं नाही, त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंगतीला ‘बुल’ येऊन बसला. ‘बुल’ म्हणजे वळू. मग खच्ची केलेला बैल त्यात येतो का? ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. धावण्याच्या शर्यतीसाठी बैलाची शरीररचना घोड्यासारखी नाही, हा त्यातला एक मुद्दा.

२०१७ मध्ये महाराष्ट्रानं प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली. तिच्यातली शर्यतीची व्याख्या म्हणजे वादात पोळलेल्या माणसाचं लेखन. वळू असो वा बैल. लाकडी जुवानं गाडीला जुंपलेला असो वा नसो. गाडीवान असो वा नसो. नाव कोणतंही असो. आणि तरी नावं दिलीच आहेत: बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट. एकेक ‘वा नसो’ म्हणजे वकिलाला शिरता येईल अशी एकेक फट बुजवलेली. जू नसलं तरी चालेल, म्हणजे या व्याख्येत गाड्यावाचूनही बैलगाडा शर्यत होऊ शकते! रणगाड्याच्या बाजू पुसणाऱ्यांनी आणि या मसुदाकारांनी एकाच वर्षी एकच युक्ती वापरली, हा योगायोग मला भलताच आवडतो.

उच्च न्यायालयानं तरी शर्यती थांबवल्याच. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली.

सगळ्या फटी बुजल्या का? त्याच व्याख्येत पुढे म्हटलंय की ज्या जिल्ह्यात शर्यत परंपरेनं होते तिथं, जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या जागी ती घ्यावी. यातली परंपरा जिल्ह्याची, की जागेची? म्हणजे जुन्नरातल्या एखाद्या गावानं उद्या माळावर मुरूम टाकून कोरा घाट बांधला, तर जिल्ह्याची परंपरा त्याला आपोआप लागू होते की त्यानं आधी आपली स्वतःची दाखवायची?