ओसाड नव्हे, माळरान

मुंबईतील लालबाग-परळचा भाग एके काळी गिरणगाव म्हणून ओळखला जात असे. कापडगिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून आणि देशावरून हजारो माणसे येथे आली व स्थायिक झाली. गिरण्यांचे भोंगे आता थांबले. परंतु पुष्कळ कुटुंबांचा गावाकडील ओढा अजून कायम आहे. दिवाळीची सुट्टी लागली, की असे एखादे कुटुंब मोटारीत सामान भरते आणि सोलापूर-बार्शीकडील आपल्या गावाची वाट धरते. सुमारे ४०० किलोमीटरांचा हा प्रवास म्हणजे भूगोलाचा एक जिवंत धडाच होय.

खंडाळ्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंचे डोंगर हिरवेगार दिसतात. पुणे मागे पडले, की हिरवा रंग हळूहळू ओसरू लागतो. उजनी धरणाच्या परिसरातील उसाचे मळे संपल्यावर तर दूरवर पिवळ्या गवताचे उघडे माळ पसरलेले दिसतात. मग गाडीतील नातू विचारतो, “आजोबा, हे वाळवंट का हो?”

हे वाळवंट नव्हे. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि थंड होऊन आपले बहुतेक पाणी पश्चिमेकडेच रिते करतात. घाटमाथा ओलांडून ते पूर्वेस उतरतात, तेव्हा त्यांत बाष्प थोडेच उरलेले असते. म्हणून या मुलखास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. मुंबईत वर्षाकाठी २,००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. सोलापुराकडे त्याच्या सुमारे एक तृतीयांशच पडतो. त्यातच माळावर मातीचा थर पातळ असतो व त्याखाली मुरूम आणि कातळ असतो. अशा जमिनीत मोठे वृक्ष सहसा जोम धरीत नाहीत. कुसळी, पवन्या यांसारखी गवते मात्र पहिल्या पावसासरशी उगवतात. त्यांची मुळे माती धरून ठेवतात आणि त्यांच्यावर धनगरांची मेंढरे पोसली जातात.

सोलापुराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवर, बार्शीच्या वाटेवर, नान्नज हे गाव लागते. तेथील माळ अभयारण्याचा भाग आहे. गाडीतून उतरून थोडा वेळ स्तब्ध उभे राहिले, की रिकामा भासणारा माळ हळूहळू बोलू लागतो. गवतातून चंडोल उंच उडतो. दूरवर काळविटांचा कळप मान वर करून पाहतो. लांडगा आणि खोकड यांचेही हेच घर होय.

या माळाचा खरा मानकरी मात्र माळढोक पक्षी. उंची सुमारे एक मीटर. नराचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी फारच थोडे आहेत. मादी बहुधा एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. चहूकडे दूरवर नजर पोहोचावी व शत्रू वेळीच दिसावा, म्हणून त्यास मोकळा माळच लागतो.

पूर्वी या पक्ष्याची शिकार फार झाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदी केली आणि १९७९ साली येथे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. तरीही पक्षी कमी होतच राहिले. पाणी पोहोचले तेथे माळ नांगरला गेला. जमीन ओसाड दिसते म्हणून काही ठिकाणी चांगल्या हेतूने ग्लिरिसिडियासारखी परकी झाडे लावण्यात आली. त्यांनी माळाचा मोकळेपणा हिरावून घेतला. जड शरीराच्या या पक्ष्यास समोरच्या विजेच्या तारा वेळेवर दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळतो. एके काळी महाराष्ट्राच्या माळांवर डौलाने फिरणारा माळढोक आज येथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे. साऱ्या जगात आता दोनशेहूनही कमी माळढोक उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानातील जैसलमेरच्या वाळवंटात आहेत. तेथे २०१९ पासून अंडी कृत्रिम रीतीने उबवून पिल्ले वाढविण्याचा प्रयत्न चालू आहे.

या पक्ष्याची थोरवी फार पूर्वी ओळखणारा एक मुंबईकर होता. गिरगावाजवळच्या खेतवाडीत लहानाचे मोठे झालेले पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी माळढोकास राष्ट्रीय पक्ष्याचा मान मिळावा, असा आग्रह धरला होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. मोराचे सौंदर्य सर्वांच्या परिचयाचे होते. माळढोकाकडे मात्र लोकांचे लक्षच गेले नव्हते.

एखादी भूमी ओसाड आहे असे म्हणण्यापूर्वी तेथे कोण राहते, हे पाहिले पाहिजे. जेथे वृक्ष शोभतो तेथे वृक्ष लावावा. जेथे गवत शोभते तेथे गवत राखावे. अरण्याइतकेच माळरानही निसर्गाचे धन आहे.

मोटार पुन्हा गावाच्या वाटेस लागते. माळ पूर्वीसारखाच पसरलेला असतो. नातू मात्र आता खिडकीशी बसून, गवतात काही हालते का, हे टक लावून पाहत असतो.