बेटचा दावा, सेजविकची वकिली

जानेवारी १७७३. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातल्या शेफील्ड गावी कर्नल जॉन अ‍ॅशलीच्या घरात अकरा जणांची समिती बसली होती. ब्रिटिश पार्लमेंटच्या मनमानीविरुद्ध ठरावांचा मसुदा तयार होत होता. निसर्गतः सर्व माणसे समान आणि स्वतंत्र आहेत, हा त्यातला पहिला ठराव. समितीचा चिटणीस होता सव्वीस वर्षांचा वकील थिओडोर सेजविक. येलचे शिक्षण अर्धवट सुटलेला आणि १७६६ मध्ये सनद मिळवलेला हा तरुण स्वातंत्र्याची भाषा कागदावर उतरवत होता. त्याच घरात बेट नावाची कृष्णवर्णीय स्त्री गुलाम म्हणून राबत होती.

पुढे एकदा अ‍ॅशलीच्या बायकोने चुलीतले तापलेले लोखंडी फावडे बेटच्या बहिणीवर उगारले. बेटने मध्ये हात घातला आणि घाव स्वतःवर घेतला. सेजविकची मुलगी, कादंबरीकार कॅथरिन हिने ही हकिकत लिहून ठेवली आहे. तो व्रण बेट आयुष्यभर उघडा ठेवत असे.

१७८० मध्ये राज्याचे संविधान आले. सर्व माणसे जन्मतः मुक्त आणि समान आहेत, असे त्याचे पहिले कलम सांगत होते. मात्र गुलामगिरी संपली, असे त्यात कुठेही म्हटले नव्हते. ते कलम आपल्यालाही लागू आहे, असे मानून बेट सेजविककडे गेली. बेट आणि अ‍ॅशलीचाच दुसरा गुलाम ब्रॉम यांच्यासाठी अडवून ठेवलेली मालमत्ता सोडवण्याचा ‘रिप्लेव्हिन’ नावाचा हुकूम सेजविकने मिळवला. हे दोघे आपले जन्मभराचे नोकर आहेत, असे सांगून अ‍ॅशलीने त्यांना सोडायला नकार दिला, आणि प्रकरण ज्युरीपुढे गेले. ऑगस्ट १७८१ मध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात टॅपिंग रीव्ह या वकिलाच्या साथीने सेजविकने खटला जिंकला. हुकूम निघाला तेव्हा हे दोघे अ‍ॅशलीचे गुलाम नव्हतेच, असा ज्युरीचा निर्णय झाला. शिवाय तीस शिलिंग भरपाई मिळाली. अ‍ॅशलीने अपील केले आणि नंतर मागे घेतले. बेटने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले.

सेजविकची चढती कमान पुढे थांबली नाही. अमेरिकी काँग्रेसचे प्रतिनिधिगृह, सिनेट, १७९९ ते १८०१ या काळात प्रतिनिधिगृहाचे अध्यक्षपद आणि १८०२ पासून १८१३ मधील मृत्यूपर्यंत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशपद. पण पळून गेलेल्या गुलामांना मालकाच्या हवाली करण्याच्या विधेयकाचा मसुदा १७९१ मध्ये प्रतिनिधिगृहापुढे ठेवणाऱ्या समितीतही तोच होता. तो मसुदा बारगळला, तरी १७९३ मध्ये तशा आशयाचा कायदा झालाच.

म्हणून सेजविकच्या चरित्रात मला बेटचे स्थान सर्वांत वरचे वाटते. समतेचे शब्द त्याने १७७३ मध्येच लिहिले होते, पण त्यांचा हिशेब मागायला ती उभी राहिली. कायदा जाणणारा वकील तिला हवा होता, हे खरे. तितकेच खरे हे की, त्या वकिलाच्या हातून घडलेले सर्वांत न्याय्य काम त्याच्या पक्षकाराने त्याच्याकडे आणले होते.