पळवताय कशाला, शोधायला लावा!

तुमच्या लॅब्राडोरनं या आठवड्यात दुसरी चप्पल फाडली? आई म्हणते, "याला जरा पळवून आण." पण मे महिन्यात वरोऱ्याचा डांबरी रस्ता दहानंतर तळहाताला सोसत नाही, त्याच्या पंजांना काय सोसणार!

त्यापेक्षा त्याच्या नाकाला काम द्या. वाघाची कातडी, हाडं वासावरून शोधणारी वन विभागाची श्वानं ठाऊक असतील. 'ट्रॅफिक' आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियानं २००८ मध्ये तो उपक्रम सुरू केला. आपल्याला घरात भाकरीचा तुकडा पुरतो. "थांब" म्हणा, त्याच्या डोळ्यांदेखत तुकडा टॉवेलखाली लपवा, मग "शोध!" जमलं की पुढच्या वेळी दुसऱ्या खोलीत, न दाखवता. सापडल्याक्षणी शाबासकी द्या. पाच मिनिटांनी दिलेली कशाची, ते त्याला कळत नाही. दहा मिनिटांत गडी पाय पसरून झोपतो. मात्र घरात सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. (आजीला हे पटवणं तुमच्याकडे लागलं!)

आणि "ये" म्हटल्यावर तो हमखास परत येईपर्यंत जंगलालगतच्या शिवारात पट्टा सोडू नका. संध्याकाळी तर नाहीच. बिबट्या कुत्रा कसा उचलतो, ते ताडोबाकडच्या गावातल्या एखाद्या वर्गमित्राला विचारा.